गप्प बसायला आलेल्या मॅडम

तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ते दरवर्षी बदलतं. एका वर्षी ती कोथरूडची असते, दुसऱ्या वर्षी साताऱ्याची, मध्ये एकदा नागपूरची होती. पाठीवरची सॅक, गळ्यातलं ओळखपत्र, स्टीलची बाटली आणि ‘तुम्ही काहीही सांगा, मला धक्का बसणार नाही’ असा चेहरा मात्र कायम. गावातल्या शाळेत मुलांना भेटायला ती दर बुधवारी येते. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट असं करत तिची बस घोटावडे फाट्याला लागते. भूगावच्या ट्रॅफिकमध्ये तिचे श्वासाचे सगळे व्यायाम करून झालेले असतात. मग शेअर रिक्षात ती चौथी म्हणून कोंबली जाते आणि गावात उतरून पहिला प्रश्न विचारते, ‘इथे झेरॉक्स कुठे मिळेल?’

झेरॉक्स आमच्याकडे मिळते. शाळेसमोरचं दुकान पुतण्याचं. मी निवृत्त मास्तर, दुपारचा गल्ल्यावर बसतो. बाल आणि किशोरवयीन मुलांच्या क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण म्हणजे काय असतं, हे मला जेवढं कळलं ते त्या मशीनच्या काचेवर. कोरी केस हिस्ट्री, कोरं संमतीपत्र, कोरं लॉगबुक. कागद भरलेला असेल तर ती स्वतः आत येते, झाकण उचलते, बटण दाबते आणि मला वर बघायला सांगते. मी बघतो. दुकानातल्या पंख्याला जळमटं झाली आहेत हे मला असंच कळलं.

गोपनीयता तिच्या बाजूने अशी कडक असते. मुलांच्या बाजूने अजिबात नसते. पोरं तिच्याकडून सुटली की चिक्की घ्यायला थेट दुकानात येतात आणि आत काय काय झालं ते न विचारता सांगतात. या लेखातला मजकूर सगळा त्या चिक्कीच्या बरणीपाशी गोळा झालेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तिने एक अक्षर सांगितलेलं नाही.

‘मी सायकॉलॉजिस्ट नाही, अजून ट्रेनी आहे,’ हे तिचं दुसरं वाक्य. हे विनयाने नाही, नियमाने म्हणायचं असतं. 1992 च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाली, की मगच माणसाने स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं. तोवर दवाखान्यात, शाळेत, वस्तीवर कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करायचं. गावाला यातलं ‘ट्रेनी’ तेवढं अचूक समजतं. पिरंगुटच्या कंपन्यांमुळे इथे प्रत्येक भावकीत एकदोन ट्रेनी आहेतच. त्यामुळे लगेच चौकशी सुरू होते. परमनंट कधी? कॉन्ट्रॅक्टर कोण? कॅन्टीन हाय का?

परमनंटचं उत्तर ऐकून कंत्राटी कामगारांनासुद्धा तिची दया आली. दोन वर्षांचं एम.फिल. हे या विद्येचं नेहमीचं दार. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. मग या विषयातली माणसं आणायची कुठून, असा प्रश्न उभा राहिला, आणि क्लिनिकल सायकॉलॉजी व मानसोपचार समाजकार्य या दोन विषयांना 2025-26 पर्यंतच्या प्रवेशांची मुदत मिळाली. तिने हे सगळं नीट समजावून सांगितलं. पुतण्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘म्हंजे कंपनी बंद पडायच्या आतली शेवटची बॅच.’ मुलांची चिंता मोजायच्या तक्त्याच्या वीस प्रती घेऊन ती गेली. त्यातली एक तिने स्वतःसाठी भरली असावी असा मला दाट संशय आहे.

संमतीपत्राचा किस्सा मात्र आमच्या मुळशी तालुक्यातच घडू शकतो. मुलाशी बोलण्याआधी आईवडिलांची लेखी संमती घ्यायची आणि मुलालाही ‘तुला चालेल का?’ असं विचारायचं, हा तिचा पहिला धडा. शेजारी हिंजवडीत आयटी पार्क आला तेव्हापासून जमिनी विकता विकता या पट्ट्यातली माणसं सही म्हणजे काय, हे फार महागात शिकली आहेत. एका बापाने कागद उलटसुलट करून विचारलं, ‘गट नंबर कुठं हाय?’ दुसरा तो घेऊन पौडला वकिलाकडे गेला. तिसऱ्याने चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला. ‘आपण कोणत्याही क्षणी, कारण न देता ही संमती मागे घेऊ शकता’ या ओळीवर तो अडला. पुन्हा वाचली. ‘ही अट आमच्या साठेखतात असती ना मॅडम,’ तो म्हणाला, ‘तर हे पोरगं तुमच्याकडं आणायची पाळीच आली नसती.’ आणि सही केली. केस हिस्ट्रीचं पहिलं पान तिथेच भरलं असणार.

तिच्या सॅकवर शाळेतल्या पोरांचा डोळा असतो. त्यात बाहुल्या असतात, रंग असतात, लाकडी फळी असते आणि स्टॉपवॉच असतं. फळी म्हणजे सेग्विन फॉर्म बोर्ड. दहा आकार दहा खाचांत बसवायचे, तीनदा बसवायचे, सगळ्यांत कमी लागलेला वेळ धरायचा. पोरांनी ती शर्यत मानली आणि मैदानात विक्रमांची यादी फिरू लागली. स्टॉपवॉचची बातमी तर पोलीस भरतीच्या पोरांपर्यंत गेली. ‘ताई, सोळाशे मीटरचं टायमिंग घ्याल का?’ नाही म्हणणं हे तिच्या अभ्यासक्रमात पुढे कधीतरी येतं. त्या वर्षी परतीच्या बसची वाट बघता बघता तिने अर्ध्या तालमीचं टायमिंग घेतलं. एकजण भरती झाला, त्याने पेढे आणले. भेटवस्तू स्वीकारावी की नाही, यावर ती पेढा हातात धरून बराच वेळ उभी होती.

बुद्धी मोजायच्या चाचण्या मात्र ती फार गांभीर्याने घेते. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी 1930 च्या दशकात बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. बिने-कामत म्हणून ती आजही दवाखान्यांत चालते. दुसरी नागपूरच्या मालिन यांची, 1969 ची. त्यातले प्रश्न मी छापणार नाही. ते बाहेर फुटले की चाचणी वाया जाते, आणि आमच्याकडे गाइड काढायला माणसं टपलेलीच आहेत. एवढं सांगतो, की पाचवीतलं एक पोरगं बाहेर आलं ते हिरमुसून. तोंडी हिशेबात चुकलं होतं. बाप जमिनीचा एजंट. पोराला मी सहज विचारलं, एकराचे गुंठे किती? चाळीस. गुंठ्याचे फूट? एक हजार एकोणनव्वद. रस्त्याला जागा सोडून अकरा गुंठ्यांत हजार फुटांचे प्लॉट किती पडतील? बोटसुद्धा न मोडता ‘दहा. बसवले तर अकरा.’ या उत्तरासाठी कामतांच्या पत्रिकेत चौकट नाही. दोष कामतांचा नाही. त्यांच्या काळी धारवाडला प्लॉटिंग नव्हतं.

चित्रांचं वेगळं. बडोद्याच्या प्रमिला फाटकांनी मुलांनी काढलेल्या माणसाच्या चित्राला गुण द्यायची पद्धत भारतीय मुलांसाठी बसवली. त्यात नाक, मान, बोटं मोजायची असतात. तेवढ्यावर ट्रेनी थांबत नाही. तिला घर आणि झाडसुद्धा लागतं, आणि त्या घरात तिला पुस्तकातलं सगळं दिसू लागतं. एका पोरीने बिनदाराचं घर काढलं. बिनदाराचं घर म्हणजे कुटुंबाने जगाशी तोडलेला संबंध, असं कुठेतरी वाचलेलं असावं. तो आठवडा मॅडमना जड गेला. पुढच्या बुधवारी तिने अगदी हळू विचारलं, ‘या घराला दार का नाही गं?’ पोरगी म्हणाली, ‘ताबा दिवाळीला हाय.’

दुसऱ्या एकाने झाडाचा नुसता बुंधा काढला होता. ‘याला काय झालं?’ ‘रुंदीकरणात गेलं.’

हे उत्तर हसण्यासारखं नाही असं माझं मत आहे, पण सांगताना ते पोरगं हसत होतं. माझ्या हातातली चिक्की घेऊन पळालं.

जेनोग्राम हा तिचा आणखी एक आवडता कागद. कुटुंबाचा नकाशा, पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, भांडण असेल तिथे वाकडीतिकडी रेघ. शहरात हा एका पानावर मावतो म्हणे. इथे चुलते, चुलतचुलते आणि ‘तसे लांबचे पण जवळचेच’ धरून तो ड्रॉइंग पेपरावर गेला, मग दोन ड्रॉइंग पेपर चिकटवावे लागले. वाकड्या रेघांनी आधीच्या सरळ रेघा झाकून गेल्या. एका आजोबांनी तो पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. वारसनोंदीचं प्रकरण कित्येक वर्षं अडकून पडलं होतं. तलाठ्यालासुद्धा ही वंशावळ कधी जमली नव्हती. ‘मॅडम, याच्यावर फक्त तुमचा शिक्का मारून द्या.’ तिच्याकडे शिक्का नाही हे ऐकून त्यांचा या शास्त्रावरचा विश्वास कमी झाला.

शिक्का नाही, गोळी नाही, इंजेक्शन नाही. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून अध्ययन अक्षमतेचा दाखला हवा असतो, तोही ती देऊ शकत नाही; त्याला नेमून दिलेलं सरकारी रुग्णालय लागतं, तिची चाचणी म्हणजे फार तर तिथे जावं की नाही याचा अंदाज. ‘मग तुम्ही करता काय?’ ‘बोलते.’ ‘ते आमी फुकटच करतो की.’ तिचं ‘बोलते’ हे खोटं होतं. बोलत नाही ती, गप्प बसते. पण ते सांगायचं धाडस तिला अजून नव्हतं.

जुलैत आठवीतलं एक पोरगं आठवडाभर शाळेत आलं नाही. मॅडमच्या वहीत ‘स्कूल रिफ्यूजल’ हे शब्द प्रश्नचिन्हासह उमटले. आईपासून दूर जायची भीती? वर्गात कुणी छळतं? ती चौकशीला घरी गेली तर घराला कुलूप. शेजारणीने हात करून खालचं खाचर दाखवलं. अख्खं घर तिथे भरपावसात वाकलेलं, आणि आपला रुग्ण गुडघाभर चिखलात भात लावतोय, वर गाणं म्हणतोय. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे हजेरीपट तसाही बघायचा नसतो. हे कोणत्याही मास्तराने तिला सांगितलं असतं. आजीने तिच्या हातात रोपांची जुडी दिली. तिनेही चार ओळी लावल्या. त्या बघून आजी म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे पोरी, तू आपली बांधावर गप बस.’

आणि ते तिला जमतं. खरं तर तेवढंच शिकायला ती आलेली असते. मी नोकरीभर पोरांना गप्प बसवायचा पगार घेतला. ही स्वतः गप्प बसायला येते, आणि तिला बहुतेक वर्षी बसभाडंसुद्धा मिळत नाही. मूल बोलेपर्यंत थांबायचं, त्याच्या तोंडात शब्द द्यायचे नाहीत, उपदेश तर मुळीच नाही. पंचेचाळीस मिनिटं! घरात सकाळी उठल्यापासून सल्ले देणाऱ्या पुणेरी कुटुंबातली मुलगी असेल तर तिची अवस्था बघवत नाही. ओठ हलतात, ‘असं कर ना’ जिभेवर येतं आणि ती ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळते. स्टीलच्या बाटलीचं खरं काम ते आहे.

गावाला ही शांतता सहन होत नाही. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आई देते. ‘तो सांगेल ना,’ असं मॅडम म्हणाल्या की आई म्हणते, ‘तो काय सांगतोय, मीच सांगते.’ आजी असेल तर, ‘बोल की रं मुडद्या, मॅडम गाडीखर्च करून आल्यात.’ शिपाई चहा घेऊन येतो, कप न्यायला येतो, साखर बरोबर होती का विचारायला येतो.

गेल्या वर्षीची मॅडम ‘मुळशी पॅटर्न’ बघून आली होती. 2018 च्या त्या चित्रपटाने आमच्या तालुक्याची जी कीर्ती केली, तिच्यामुळे नववीतला एखादा दांडगा मुलगा मिळेल, वर्तनसमस्येची केस होईल, अशी तिची तयारी होती. मिळाला तो एक पाप्याचं पितर मुलगा. तक्रार मोबाइलची: दिवसरात्र बघतो, विचारलं तर अंगावर येतो. खोलीत मात्र हूं की चूं नाही. दोघं समोरासमोर बसायची. ‘आज किती बोलला?’ बाप दर बुधवारी दुकानापाशी तिला विचारायचा. ‘आज आम्ही बसलो होतो.’ ‘नुसतं?’ ‘नुसतं.’ ‘आवं, बसतोय तर तो घरीबी!’

मग एकदा पाऊस होता, समोरच्या रस्त्याने कुणीतरी जनावर घेऊन चाललं होतं. शांतता तिलाच सोसवेना म्हणून किंवा काय, मॅडम म्हणाल्या, ‘किती छान गाय आहे.’

पोराने महिन्यात पहिल्यांदा मान वर केली. ‘मॅडम, तो बैल हाय.’

आणि सुरू झाला. खिलार कसा ओळखायचा, दात कसे बघायचे, बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी कशी सुटते, चौदा साली कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हा बैल कसे नुसते उभे राहिले, एकवीसच्या डिसेंबरात परवानगी आली तेव्हा गावात गुलाल कसा उडाला. त्यांचाही एक बैल होता. याने वासरापासून वाढवलेला. चांगली किंमत आली म्हणून बापाने दिला. पोरगं शाळेत असताना गाडीत चढवला. आता तो दुसऱ्याच्या नावाने पळतो. मोबाइलवर हा रात्री जे बघायचा ते तेच, शर्यतींचे व्हिडिओ, त्यात आपला बैल कुठे दिसतो का. हे सगळं त्याने दुकानात मला स्वतः सांगितलं, आणि बैल-गायीची गोष्ट तर साऱ्या वर्गाला.

‘मुद्दाम म्हणालात का हो गाय?’ मी तिला विचारलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पाणी प्यायली.

पोराला विचारून, त्याच्यासमोरच, ती बापाशी बोलली. बाप बाहेर येऊन आमच्या बाकावर बसला. जनावर विकताना पोराला कोण विचारतं, एवढंच म्हणाला, आणि चहा गार होईपर्यंत पुढे काही नाही. मोबाइल सुटला नाही. पण शर्यत असली की आता बापलेक एका गाडीवर घाटात जातात.

या यशाबद्दल तिला शाबासकी मिळाली असेल असं वाटलं तर तुम्हाला सुपरव्हायझर नावाचा प्राणी माहीत नाही. आठवड्याला एकदा दुकानामागच्या चिंचेखाली उभी राहून ती पुण्याच्या मॅडमना फोन करते. मुलाचं नाव घेत नाही. मला तिचीच बाजू ऐकू येते. ‘हो मॅडम... नाही मॅडम...’ मग लांबलचक काही नाही. फोन बंद पडला की काय, म्हणून मी डोकावतो, तर ती कानाला लावून तशीच उभी. पलीकडची बाई गप्प बसलेली असते! शेवटी हिच्याच तोंडून निघतं, ‘मला बापाचा राग आला होता मॅडम.’ हे शिक्षण असं खालून वर चढत गेलेलं आहे. सगळ्यांत वरची बाई किती गप्प असेल याची कल्पना करवत नाही.

बाकी तिची कामं साधी, म्हणून कुणाच्या लक्षात न येणारी. चाचणी घेण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे, हा नियम ती पाळते. दोन पोरं ‘मठ्ठ’ या पदावरून नुसत्या चष्म्याने उतरली. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की त्यांना ती आपली यादी देते. मोठ्या पोरींना ती सरकारी दवाखान्यातल्या, किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकचा पत्ता देते आणि तो कागद मात्र उघडा, चार रंगांत. आठवड्यातले उरलेले सहा दिवस तिच्याशिवाय जातात, म्हणून आमच्या शटरवर तिने टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चिकटवला आहे. 2022 पासून चालू, फुकट, मराठीतही बोलतात. पुतण्याने खात्री करायला फोन लावला होता. बराच वेळ बोलत बसला. काय बोलला ते मी विचारलेलं नाही.

आता गावकऱ्यांना एक विनंती. बुधवारी तिला जी खोली मिळते तिथे पोषण आहाराच्या तांदळाची पोती असतात. त्याबद्दल तिची तक्रार नाही, लहान पोरं पोत्यावर बसून बरी बोलतात. मूल सोबत असताना दार लावायचं नाही, बाहेरून दिसलं पाहिजे पण ऐकू जाता कामा नये, असा तिचा नियम आहे. दार मैदानाकडे उघडतं, ते ठीक आहे. खिडकी व्हरांड्यात आहे, तिला गज आहेत आणि काच नाही. तिथे आई, मावशी, शिपाई आणि खिचडीवाल्या ताई आळीपाळीने उभ्या असतात. येत्या जूनच्या आत त्या खिडकीला काच बसवून घ्या. वर्गणी काढू नका, ठराव करू नका. माप दोन बाय तीन फूट आहे, पैसे मी देतो. फक्त काच बसल्यावर बाहेरून ओठ वाचत कुणी उभं राहू नये.